ग्रंथालयाला अनुदान मिळतं, चॅट सर्व्हरला का नाही?

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी आपल्या अर्थसंकल्पात एक नवं लेखाशीर्ष उघडावं, अशी माझी मागणी आहे. ‘ओपन सोर्स चॅट सर्व्हरची देखभाल’ एवढंच त्याचं नाव पुरे. चॅट सर्व्हर म्हणजे ग्रुपवरचे संदेश पोचवणारं आणि जपून ठेवणारं सॉफ्टवेअर; ओपन सोर्स म्हणजे त्याचा कोड कुणालाही वाचायला, वापरायला आणि बदलायला खुला. रक्कम एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाहून कमी असली तरी चालेल. असे सर्व्हर लिहिणारे लोक जगभर आहेत, ते चालवू शकणारे लोक ऐरोली-महापे पट्ट्यात रोज कामाला येतात आणि असा सर्व्हर लागेल अशी कामं दोन्ही शहरांत दररोज निघतात. अडलंय ते एका समजुतीवर. फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरची देखभालही फुकटच होत राहील, असं आपण धरून चाललो आहोत.

मी दिवसा ऐरोलीत नोकरी करतो. संध्याकाळी ठाण्याला घरी आलो की जेवणं उरकून अशाच एका ओपन सोर्स चॅट सर्व्हरच्या कामाला बसतो. या कामाचा मला पगार नाही आणि तो मागण्यासाठी हे लिहीत नाही. लिहितोय ते या कामातून जे दिसतं ते सांगण्यासाठी.

आधी गरज पाहू. आपल्याकडे सोसायटीचं, शाळेचं, प्रभागाचं, नालेसफाईचं, पाणीकपातीचं सगळं दळणवळण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालतं. ग्रुपचा मालक कुणीतरी एक माणूस असतो. प्रभाग कार्यालयातल्या अधिकाऱ्यानं तक्रारींसाठी ग्रुप काढला, लोकांनी खड्ड्यांचे, तुंबलेल्या गटारांचे फोटो टाकले, साहेबांची बदली झाली आणि त्या फोटोंचा, तारखांचा, ‘पाहतो’ म्हणून दिलेल्या उत्तरांचा सगळा इतिहास साहेबांच्या मोबाइलबरोबर निघून गेला. नवीन साहेब नवीन ग्रुप काढतात. कार्यालयाच्या दप्तरी काहीच राहत नाही. ज्या तक्रारीची आवक-जावक रजिस्टरात नोंद व्हायला हवी, ती एका खाजगी क्रमांकावर येते आणि तिथेच विरते. माहितीच्या अधिकारात काय मागणार?

सोसायट्यांचं चित्र आणखी काळजीचं आहे. भाडेकरू आला की पोलीस पडताळणीसाठी त्याचं आधार कार्ड, भाडेकराराचं पहिलं पान आणि फोटो सेक्रेटरीकडे द्यायचा असतो. अनेक ठिकाणी हे सगळं सरळ सोसायटीच्या ग्रुपवर पडतं. मी स्वतः एका सोसायटीच्या ग्रुपवर भाडेकरू मुलींचे आधार क्रमांक तसेच उघडे पाहिलेत. टाकणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला दुसरी जागाच माहीत नव्हती. दोन-अडीचशे मोबाइलांवर ती कागदपत्रं उतरली. त्या मुली घर सोडून गेल्या तरी ती तिथेच राहणार.

यावर उपाय म्हणून जे सॉफ्टवेअर लागतं ते काही नव्यानं शोधायचं नाही. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेननं १९८८ च्या ऑगस्टमध्ये आयआरसी हे गटात चॅट करण्याचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी गटात बोलू लागला. १९९९ च्या जानेवारीत जेरेमी मिलरनं जॅबर ही खुली चॅट यंत्रणा जाहीर केली. त्यातून एक्सएमपीपी नावाचा खुला प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम, आकाराला आला आणि २००४ साली त्याला इंटरनेटच्या मानकांत जागा मिळाली. २००२ मध्ये अलेक्सेय श्चेपिननं एर्लांग या संगणकाच्या भाषेत ईजॅबरडी हा सर्व्हर लिहायला घेतला. आज आपण ज्या व्हॉट्सॲपवर अवलंबून आहोत, त्याचा सर्व्हर सुरुवातीला याच ईजॅबरडीवर उभा होता. पुढे कंपनीनं तो इतका बदलला की मूळ ओळखू येऊ नये. पण पाया खुल्या कोडचा होता. २०१४ मध्ये फेसबुकनं ती कंपनी सुमारे १,९०० कोटी डॉलरना घ्यायचं जाहीर केलं.

हा सौदा बेकायदा नव्हता. परवान्यात जे बसतं तेच कंपनीनं केलं. मला त्यातून दिसतं ते वेगळंच आहे. खुल्या कोडचं मोल बाजाराला कधीच कळलेलं आहे. ते कळलेलं नाही आपल्या सार्वजनिक संस्थांना. आणि बाजाराला मोल कळलं म्हणून तो दार उघडं ठेवेलच असंही नाही. गूगल टॉक २००५ मध्ये आलं तेव्हा एक्सएमपीपीवर चालायचं आणि २००६ पासून इतर सर्व्हरांशी बोलायचं. कुणी स्वतःच्या संस्थेचा सर्व्हर घातला तरी त्याला गूगलवरच्या मित्राशी बोलता यायचं. २०१३ मध्ये हँगआउट्स आलं आणि गूगलनं या खुल्या जोडणीकडे पाठ फिरवली. बाहेरच्या छोट्या सर्व्हरांची माणसं एकेक करून तुटली. युरोपीय महासंघानं यावर कायदा केला. डिजिटल मार्केट्स ॲक्टखाली मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपसारख्या मोठ्या सेवांवर इतरांशी जोडून घेण्याचं बंधन आलं. आपल्याकडे तसा कायदा नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सर्व्हर लिहिणं हा कामाचा लहान भाग आहे. लिहून झाल्यावरची पुढची पंधरा वर्षं हा मोठा भाग, आणि तो बाहेरून दिसत नाही.

एक उदाहरण जवळून दाखवतो. आयआरसीच्या नियमांत एका संदेशाची कमाल लांबी ५१२ बाइट ठरलेली आहे, ओळ संपल्याच्या दोन खुणा धरून. बाइट म्हणजे संगणकात मजकुराची जागा मोजायचं माप. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीचा प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट घेतो, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हेसुद्धा प्रत्येकी तीन. ‘ठाणे’ हा शब्द चार घटकांचा, म्हणजे बारा बाइट. ‘नवी मुंबई’ मधली रिकामी जागा धरून पंचवीस. चॅनेलचं नाव, पाठवणाऱ्याचं नाव वगैरे वजा केलं तर इंग्रजी माणसाला साडेचारशेच्या आसपास अक्षरं मिळतात आणि मराठी माणसाला जेमतेम दीडशे. त्यात सर्व्हरनं बाइट मोजून ओळ कापली तर कात्री थेट एखाद्या अक्षराच्या मध्येच बसते आणि वाचणाऱ्याला शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. नवे प्रोटोकॉल या अडचणीतून बरेचसे सुटले आहेत. पण अशा जागा अजून ठिकठिकाणी शिल्लक आहेत. टोपणनावाच्या लांबीवर मर्यादा असते, ग्रुपच्या नावावर असते, मोबाइलवर येणाऱ्या सूचनेच्या मजकुरावर असते, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी अक्षरांऐवजी बाइट मोजून ठेवलेले असतात.

दुसरी गोष्ट शोधाची. ‘दुसऱ्या मजल्यावर गळती’ असा संदेश मी माझ्या कीबोर्डवरून टाइप करतो तेव्हा त्यातला अर्धा र एका पद्धतीनं साठवला जातो. जुन्या कीबोर्डवर टाइप करणाऱ्या काकांचा तोच अर्धा र वेगळ्या पद्धतीनं, मध्ये एक न दिसणारी जोडखूण घालून साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. आणि युनिकोड या लिप्यांच्या जागतिक मानकाचं नेहमीचं एकसारखं करण्याचं गणित चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत. त्यासाठी मराठी ओळखणाऱ्या माणसाला वेगळा कोड लिहावा लागतो. तसंच ‘ठाणे’, ‘ठाण्यात’, ‘ठाण्याला’ हे एकाच शब्दाचे अवतार आहेत हे शोध-यंत्रणेला कुणीतरी शिकवावं लागतं. अनेक चॅट सर्व्हर पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरतात. त्यात शब्दाचं मूळ ओळखण्याचे तयार नियम हिंदीचे आहेत, नेपाळीचे आहेत, तमिळचे आहेत. मराठीचे नाहीत.

हे काम कुठली परदेशी कंपनी आपणहून करील? आणि तिनं केलं नाही तर आपण कुणाच्या दारात जाऊन सांगणार? ओपन सोर्सचं खरं बळ इथे आहे. कोड समोर आहे, दुरुस्ती पाठवता येते, ती स्वीकारली गेली की वाशीतल्या आजींना आणि नांदेडमधल्या शिक्षकाला एकाच वेळी उपयोगी पडते. पण दुरुस्ती पाठवण्यालाही माणूस लागतो, आणि ती तपासून घेणारा त्याहून अनुभवी माणूस लागतो.

त्या तपासणाऱ्याबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण सगळं ओझं त्याच्यावर असतं. त्याला मेंटेनर म्हणतात. बाहेरून आलेला बदल घ्यायचा की नाही हे तो ठरवतो. चाळीस ओळींचा बदल असला तरी तो वाचायचा, चालवून पाहायचा, त्यानं जुन्या मोबाइलवरचं काही मोडत नाही ना ते पाहायचं, पाठवणारा नवखा असेल तर त्याला न दुखावता परत पाठवायचं. चांगला बदल तपासायला एक संध्याकाळ जाते आणि वाईट बदल तपासायला दोन. २०२० च्या ऑक्टोबरात, ओपन सोर्सला बदल पाठवणाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या हॅकटोबरफेस्ट या उपक्रमात टी-शर्ट मिळतो म्हणून जगभरातून, आणि त्यात आपल्या देशातूनही, हजारो निरर्थक बदल ओपन सोर्स प्रकल्पांवर येऊन आदळले. कुणी ‘छान प्रकल्प’ एवढे दोन शब्द घातले, कुणी एखादा स्वल्पविराम. त्या महिन्यात आयोजकांना नियमच बदलावे लागले. नेरूळ, वाशी, खारघर, ऐरोली, ठाणे इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुलांची कमी नाही आणि उत्साहाचीही नाही. मात्र ‘स्वयंसेवक वाढवा म्हणजे काम होईल’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे. नवे हात आले की त्यांना शिकवणारा हवा, आणि तो शिकवणारा मिळण्यासाठी कुणालातरी दिवसाढवळ्या, पगारी वेळात, या कामाला बसवावं लागेल.

तसं केलं नाही तर काय होतं याचे दाखले आहेत. अनरिअलआयआरसीडी नावाचा चॅट सर्व्हर स्वयंसेवकच चालवायचे. २००९ च्या नोव्हेंबरात कुणीतरी त्याच्या डाउनलोडच्या काही ठिकाणची फाइल बदलून चोरदार असलेली फाइल ठेवली. २०१० चा जून उजाडेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. फाइल अस्सल आहे हे दाखवणारी सही करून ती प्रसिद्ध करायची पद्धत त्या वेळी तिथे चालू नव्हती. २०२४ मधला प्रकार याहून खोल होता. एक्सझेड नावाचं, फाइल लहान करणारं एक छोटं सॉफ्टवेअर लिनक्सच्या असंख्य सर्व्हरांत बसलेलं असतं, चॅट सर्व्हर ज्यांवर चालतात त्यांतही. ते अनेक वर्षं एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता. काम लवकर होत नाही म्हणून त्याच्यावर अनोळखी नावांनी दबाव आणला गेला, मग एक मदतनीस आला, गोड बोलून, दोनेक वर्षं चोख काम करून त्यानं विश्वास मिळवला, आणि त्या विश्वासाच्या जोरावर सर्व्हरमध्ये शिरण्याची गुप्त वाट कोडमध्ये पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं, त्यानं कारण खोदून काढलं आणि २९ मार्च २०२४ ला जगाला सांगितलं. त्याला तो अर्धा सेकंद खटकला नसता तर?

हे वाचून कुणी म्हणेल, मग स्वयंसेवकांवर भरवसा ठेवूच नका. मला नेमकं उलट वाटतं. फ्रॉइंडला कारण खोदून काढता आलं ते कोड उघडा होता म्हणून. बंद सॉफ्टवेअरमध्ये असं काही घडलं तर आपल्याला ते कंपनी सांगेल तेव्हा आणि सांगेल तेवढंच कळेल. कमकुवत दुवा स्वयंसेवा हा नव्हता. एका माणसाला एकटं सोडणं, त्याच्या श्रमावर सगळ्यांनी विसंबून राहणं आणि त्याची विचारपूस कुणी न करणं, हा होता. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याचं कौतुक आपण करतो आणि त्याच्या चुलीत लाकूड कुठून येतं हे विचारत नाही.

मोठ्या प्रकल्पांचीही स्थिती फार वेगळी नाही. मॅट्रिक्स हा २०१४ पासूनचा खुला प्रोटोकॉल. फ्रान्सच्या सरकारनं २०१९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी चॅप हे ॲप त्यावर उभारलं, जर्मन सैन्याचा मेसेंजर त्यावर चालतो. तरीही २०२५ च्या सुरुवातीला मॅट्रिक्सच्या फाउंडेशनला जाहीर करावं लागलं की मार्चअखेरपर्यंत एक लाख डॉलर उभे राहिले नाहीत तर इतर चॅट सेवांशी जोडणारे आपले पूल बंद करावे लागतील. सरकारं जे वापरतात त्याच्या देखभालीसाठी एक लाख डॉलरची मदत मागत फिरावं लागतं. वापरणारे अनेक, पैसे देणारे थोडे.

यावर महाराष्ट्रात उत्तर फार जुनं आहे, आणि ठाण्यात तर ते घराजवळ आहे. मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ ला ठाण्यात सुरू झालं. वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी पदरमोड करून, पुस्तकं जमवून, वर्गणीवर ते उभं केलं. सरकारनं ते काढलं नाही आणि बाजारानंही नाही. गावोगाव अशी वाचनालयं निघाली. आणि मग महाराष्ट्रानं एक शहाणपणाची गोष्ट केली. १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला. लोकांनी चालवलेली ग्रंथालयं लोकांकडेच ठेवली, कार्यकारिणी त्यांचीच ठेवली, आणि सरकारनं अनुदान सुरू केलं. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. किती पुस्तकं, किती वाचक, किती तास उघडं, हिशेब तपासलेला आहे का, यावर वर्ग ठरतो आणि वर्गावर अनुदान. हजारो ग्रंथालयं या रचनेवर तगली.

या रचनेत खोट नाही असं नाही. अनुदान उशिरा येतं, ग्रंथपालांच्या हातात पडणारा पगार लाज वाटावी इतका कमी असतो. त्या दुरुस्त्या व्हायलाच हव्यात. पण मूळ तत्त्व खणखणीत आहे. स्वयंसेवेनं उभं राहिलेलं सार्वजनिक काम सरकारनं ताब्यात घ्यायचं नाही, वाऱ्यावरही सोडायचं नाही, नियमानं आणि हिशेबानं त्याला हात द्यायचा. गावाला वाचायला जागा हवी हे १९६७ मध्ये ज्यांना पटलं होतं, त्यांना आज गावाला आपापसांत बोलायला स्वतःची जागा हवी हे पटायला वेळ लागला नसता असं मला वाटतं.

चॅट सर्व्हरला हेच लावायचं तर संस्था नोंदलेली हवी. हा मुद्दा कंटाळवाणा वाटतो, म्हणून तंत्रज्ञ मंडळी तो टाळतात. फ्रीनोडचं काय झालं ते त्यांनी आठवावं. ओपन सोर्सवाल्यांचं ते सगळ्यात मोठं आयआरसी जाळं, चालवणारे सगळे स्वयंसेवक. पण नाव आणि डोमेन एका कंपनीच्या ताब्यात गेलं होतं. २०२१ च्या मे महिन्यात मालकीवरून वाद पेटला, स्वयंसेवकांनी सामूहिक राजीनामे दिले आणि लिबेरा चॅट नावानं नवं जाळं उभं केलं. या वेळी त्यांनी आधी स्वीडनमध्ये ना-नफा संस्था नोंदवली. आपल्याला तर संस्था नोंदवण्याचं वळण आहे. नाट्यमंडळ असो की गणेशोत्सव मंडळ, घटना, सात जणांची कार्यकारिणी, वार्षिक सभा, हिशेब तपासनीस हे आपण डोळे मिटून करतो. डोमेनचं नाव, सर्व्हरच्या किल्ल्या आणि बँकेचं खातं या तीन गोष्टी त्या संस्थेच्या नावावर असाव्यात, कुणा एका हुशार मुलाच्या नावावर नकोत. तो उद्या बंगळूरला जाईल, परवा टोरांटोला.

आक्षेप येतात ते मी रोज ऐकतो. पहिला नेहमीचा: सगळे व्हॉट्सॲपवर आहेत, तुमच्या सर्व्हरवर येणार कोण? सगळ्यांनी यावं असं मी म्हणतच नाही. मावशीचे सुप्रभात संदेश जिथे आहेत तिथे सुखात राहोत. महापालिकेच्या अंतर्गत कामापासून सुरुवात करावी. आपत्ती व्यवस्थापन कक्ष, प्रभाग समित्या, पाणीपुरवठ्याचे अभियंते, आरोग्य केंद्रं. इथे माणसं ठरलेली आहेत, आदेशानं आणता येतात, आणि संभाषण कार्यालयाच्या दप्तरी राहण्याची गरज सगळ्यात जास्त इथेच आहे. फेसबुकच्या यंत्रणेतल्या चुकीमुळे ४ ऑक्टोबर २०२१ ला व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होतं. ते सहा तास २६ जुलैसारख्या पावसात आले असते तर नियंत्रण कक्षातून पंपिंग स्टेशनवर निरोप कसा गेला असता, हे दोन्ही महापालिकांनी स्वतःला विचारावं.

दुसरा आक्षेप, भारतीय कंपनीचं ॲप आहे की, अरट्टाई घ्या. स्वदेशी कंपनीनं चांगलं काम केलं तर मला आनंदच आहे. पण कंपनी देशी असल्यानं कोड उघडा होत नाही. उद्या तिनं धोरण बदललं, दर लावले, कुणी तिला विकत घेतलं, तर आपण पुन्हा तिथेच. महापालिकेला मराठी शोध हवा असेल तर तिनं कंपनीच्या दारात अर्ज घेऊन उभं राहायचं. खुल्या सर्व्हरसाठी तिला तेच काम वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या फर्मला निविदा काढून देता येईल, आणि ती फर्म नीट चालली नाही तर दुसरीला.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. सरकारच्या पैशावर सर्व्हर म्हटला की पाळत आलीच, असं लोक म्हणतात. भीती रास्त आहे. २०१५ च्या धोरणात केंद्र सरकारनं म्हटलंय की सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यावं. आणि मे २०२३ मध्ये चौदा मेसेजिंग ॲप्सवर बंदी आली, त्यांत मॅट्रिक्सवर चालणारं एलिमेंट आणि ब्रायर ही ओपन सोर्स ॲप्स होती. दहशतवादी वापरतात हे कारण होतं. ज्या एलिमेंटच्या पायावर फ्रान्सचे अधिकारी बोलतात, तेच आपल्याकडे बंद यादीत गेलं. म्हणून अनुदानाच्या नियमांत दोन गोष्टी काळ्या शाईत लिहिलेल्या हव्यात. नागरिकांच्या खाजगी संभाषणाला दोन टोकांमधलं कूटबंधन सक्तीचं, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्यालाही मजकूर वाचता येणार नाही. आणि अनुदान देणाऱ्याला सर्व्हरच्या किल्ल्या मिळणार नाहीत. ग्रंथालयाला अनुदान देणारं खातं माझ्या कार्डावर कुठलं पुस्तक गेलंय ते बघायला येत नाही, तसंच.

कूटबंधनानंही सगळं झाकत नाही. कोण कुणाशी, किती वाजता, किती वेळा बोललं हे सर्व्हरला कळतंच. परक्या देशातल्या कंपनीला ते कळतं तेव्हा आपल्याला त्रास वाटत नाही, पण शेजारच्या इमारतीतल्या ओळखीच्या मुलाला कळू शकतं म्हटलं की अंगावर काटा येतो. तो यावाच. त्याचा बंदोबस्त आहे: नोंदींपर्यंत एकट्याला पोचता येऊ नये, दोघांच्या किल्ल्या लागाव्यात, कुणी कधी उघडलं याची वेगळी नोंद राहावी आणि ती वार्षिक सभेत मांडली जावी. जवळच्या माणसाला जाब विचारता येतो. कॅलिफोर्नियातल्या माणसाला विचारायला आपण कुठे जाणार?

शिवाय कायदा स्वयंसेवकाला सूट देत नाही. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार सेवा चालवणाऱ्यानं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यायची, निकाल ठरलेल्या मुदतीत. सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं, सर्व्हरच्या नोंदी (लॉग) १८० दिवस जपायच्या. दिवसभर दुसरीकडे नोकरी करणाऱ्या माणसानं मीटिंगमध्ये असताना हे सहा तास कसे पाळायचे? सरकार कर्तव्यं लादतं तर ती पार पाडायला लागणारा पगारी माणूस देण्यात त्यानं हात आखडू नये.

जागेचा आणि विजेचा प्रश्न तर नवी मुंबईत प्रश्नच असू नये. महापे, रबाळे, ऐरोली, पनवेल, इथे देशातली मोठमोठी डेटा सेंटरं उभी आहेत, आपल्याच पाण्यावर आणि विजेवर. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा पट्ट्यातल्या वाहिन्या पडल्या आणि मुंबई-ठाणे-नवी मुंबई तासन्‌तास अंधारात गेली, त्या दिवशी घरच्या कपाटातला सर्व्हर बंद पडला असता आणि जनरेटरवरचं डेटा सेंटर चालू राहिलं असतं. सार्वजनिक कामासाठी एका रॅकची जागा सवलतीत द्या, एवढी अट डेटा सेंटरला परवानगी देताना घालणं एमआयडीसीला आणि महापालिकेला जड नाही.

मदतीचे खाजगी झरे वाहू लागलेत, तेही सांगितलं पाहिजे. झेरोधा या शेअर दलाली कंपनीनं २०२४ च्या ऑक्टोबरात ओपन सोर्स प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा फ्लॉस फंड जाहीर केला. जर्मनीनं २०२२ मध्ये सरकारी पातळीवर सॉव्हरिन टेक फंड काढला, तो थेट देखभालीसाठी पैसे देतो. मुंबईतच घडलेलं ईआरपीनेक्स्ट हे कंपन्यांचा कारभार सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आज जगभर वापरलं जातं. म्हणजे पैसा, अनुभव आणि माणसं तिन्ही आपल्या आसपास आहेत. महापालिकांनी फक्त आपला वाटा उचलायचा आहे.

तो वाटा असा असावा. दोन्ही महापालिकांनी मिळून एका नोंदणीकृत संस्थेला तीन वर्षांचं अनुदान द्यावं. त्यातून दोन पगारी माणसं: एक सर्व्हर सांभाळणारा, दुसरा मराठीचं आणि वापरणाऱ्यांच्या अडचणींचं काम पाहणारा. अनुदानाचा दहावा हिस्सा मूळ प्रकल्पाच्या मेंटेनरांकडे जावा, मग ते कुठल्याही देशात असोत, कारण त्यांच्याच पाठीवर आपण उभे आहोत. दरवर्षी तपासणी व्हावी आणि तीत वापरकर्त्यांची संख्या मोजू नये. सुरक्षेची दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यावर किती दिवसांत बसवली, बॅकअप खरोखर परत उभा करून पाहिला का, मराठीतले किती दोष दुरुस्त होऊन मूळ कोडमध्ये गेले, हे मोजावं. इथे लिहिलेली प्रत्येक ओळ खुली असावी, म्हणजे उद्या पुणे किंवा परभणी महापालिकेला तीच उचलता येईल.

आयुक्त अर्थसंकल्प स्थायी समितीपुढे मांडतात तो साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत खात्यांकडून मागण्या जातात. लेखाशीर्ष उघडायचं तर दोन्ही महापालिकांच्या संगणक विभागांनी तेव्हाच कच्चा मसुदा करायला हवा. नियमावलीचा, तपासणीच्या तक्त्याचा, खर्चाच्या अंदाजाचा मसुदा लिहायला कळवा, ऐरोली, कोपरखैरणे इथली माझ्या ओळखीची चार-सहा मंडळी आणि मी तयार आहोत, रविवारी, नेहमीप्रमाणे बिनपगारी. संगणक विभागांनी आम्हाला बैठकीची तारीख द्यावी.